बारा व्होल्टचा डबल सिलेंडर कॉम्प्रेसर: दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

ऑफरोडिंगचं, म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवायचं सामान म्हटलं की आमच्या ग्रुपमधली पोरं आधी लाइटबार बघतात, मग छतावरचं कॅरिअर आणि मग मोठे टायर. माझं मत आता पक्कं झालंय. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी असेल, तर पहिला पैसा हवा भरायच्या मशीनवर घाला. बाकीचं नंतर.

दिवाळीच्या सुमारास हा कॉम्प्रेसर घेतला. साडेसहा हजारांच्या आसपास पडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच ठेवणीची मशीन चार-पाच नावांनी बाजारात मिळतात. दोन सिलेंडर, थेट बॅटरीला लावायचे चिमटे, वायरीत चाळीस अँपिअरचा फ्यूज आणि मागच्या चाकापर्यंत आरामात पोचणारा पाइप. खोक्यावर मिनिटाला सत्तर लिटर हवेचा दावा छापलाय. हा आकडा टायर जोडलेला नसतानाचा असतो. टायरमध्ये दाब चढत गेला की प्रत्यक्षातली हवा कमी होत जाते, त्यामुळं त्यातला तिसरा हिस्सा मनातल्या मनात वजा करूनच हिशेब धरायचा.

हवेचा एवढा बाऊ कशाला, असं नवीन माणूस विचारतोच. वाळूत गाडी रुतते ती बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नाही, तर टायर टणक राहिला म्हणून. 32 पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर 16 वर आणला की जमिनीला टेकणारा भाग बराच वाढतो. लोकांना वाटतं तो रुंदीला वाढतो, खरं तर तो लांबीला जास्त पसरतो. मग गाडी वाळू खोदत नाही, तिच्यावरून चालते. खडकाळ घाटवाटेला मी 22 ते 25 ठेवतो, तेवढ्यात टायर दगडाला धरून बसतो आणि हादरेही कमी होतात. कमी हवेवर वेग मात्र आवरायचा. झटकन वळवलं तर टायर रिम सोडतो, आणि मग वाळूत जॅक लावायची मजा कळते. डांबरी रस्ता लागायच्या आत हवा परत भरायचीच. तसंच पळवलं तर टायरची भिंत तापून फाटू शकते.

खरी गोम इथंच आहे. हवा सोडायला पाच मिनिटं लागतात, भरायला तास. थारच्या अठरा इंची टायरमध्ये 16 वरून 32 वर जायला अंदाजे सत्तर लिटर हवा लागते, जिम्नीच्या पंधरा इंचीला पंचेचाळीसच्या आसपास. लायटरच्या सॉकेटवर चालणारा दोन हजारांचा छोटा पंप थारच्या एका टायरला सहज पाच-सात मिनिटं घेतो, आणि दोन टायर झाले की तापून बसतो. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण पंधरा अँपिअरचा असतो, त्यातून मोठी ताकद मिळणारच नाही. आता पाच गाड्या म्हणजे वीस टायर मांडा. सूर्य मावळताना टेकडीवरून उतरलेला ग्रुप रात्रीच्या जेवणापर्यंत रस्त्याकडेलाच. या मशीननं थारचा टायर दीड-दोन मिनिटांत होतो, पाइप इकडून तिकडं न्यायचा वेळ धरून चार चाकांना दहा मिनिटं. त्यामुळं वीकेंडचं वेळापत्रक मी आता उलट्या बाजूनं लावतो: अंधार कधी पडतो, त्याआधी गाड्या किती आणि मशीन किती. मगच दुपारी कुठवर जायचं ते ठरतं. तीन गाड्यांमागं एक असलं मशीन पुरतं. प्रत्येकानं छोटा पंप आणण्यापेक्षा वर्गणी काढून दोन मोठे घ्या.

सरावाला आमच्याकडं मराठवाड्यात जागा कमी नाहीत, पण कुठं जायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. गौताळा, येडशी, नायगाव ही अभयारण्यं आहेत, जायकवाडीचा जलाशयही पक्षी अभयारण्यात येतो. तिथं वाट सोडून गाडी घालायचा विषयच नको. आम्ही बालाघाटाच्या डोंगरावर पाटोदा-आष्टीकडं जातो, मुरमाड माळ आणि पवनचक्क्यांकडं जाणाऱ्या कच्च्या वाटा आहेत. ज्याचं रान त्याला आधी विचारतो. वाळूच्या सरावासाठी गोदावरीचं पात्र सगळ्यांच्या डोक्यात येतं. येऊ द्या, पण फावडी आणि दोर बांधलेल्या पाच गाड्या पात्रात उतरल्या की गावाला पहिल्यांदा वाळूचोर आठवतात, आणि मागोमाग तलाठी हजर. त्यांचं चूक नाही. आम्ही तो नाद सोडला.

आणि काळी माती. ओल्या काळ्या रानात हवा 32 ठेवा नाहीतर 15, फरक पडत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि मडगार्डपर्यंत थापली जाते. चार पावलांत चारही टायर गुळगुळीत. बाहेरच्या पाहुण्यांना हे सांगून पटत नाही. त्यांना एकच सांगायचं: रान वाफशावर आल्याशिवाय गाडी बांधाच्या आत घालायची नाही. इथं कॉम्प्रेसर काय, रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारी विंचसुद्धा हात टेकते.

हिवाळ्यात जैसलमेरला सम आणि खुरीच्या टेकड्यांवर मशीनचा खरा कस लागला. त्या भागात डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, माळढोकचा मुलूख, म्हणून स्थानिक जीपवाला सोबत घेतला आणि त्यानं दाखवलेल्या टेकड्या सोडून गेलो नाही. वाळूनं दोन गोष्टी शिकवल्या. एक, मशीन कधी थेट वाळूवर ठेवायचं नाही. हवा ओढायच्या तोंडावरचा स्पंज बारीक वाळूनं लगेच भरतो आणि मशीन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागतं. गाडीतलं पायपुसणं काढून त्यावर ठेवायचं, रात्री स्पंज झटकून घ्यायचा. दोन, पाइपवरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. मशीन चालू असताना तो खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. बंद करून बघा, आणि अख्ख्या ग्रुपनं दाब मोजायचं एकच वेगळं गेज वापरा. चार गेज चार आकडे दाखवतात. एकानंच सगळ्यांची हवा मोजली, तर निदान गाड्यांची तुलना तरी नीट होते.

लावायची पद्धतही ठरवून टाका. इंजिन चालू, लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला, काळा बॉडीच्या उघड्या बोल्टला, मग पाइप, शेवटी बटण. व्हॉल्व्हची टोपणं ज्यानं काढली त्यानंच खिशात ठेवायची. टोपण वाळूत पडलं की गेलं.

परतीच्या एका फेरीत बीडजवळ एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक बसलं होतं, उसाचा भार होता. मशीन जोडून दिलं. ट्रॉलीचा टायर मोठा, त्याला दाबही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. बरंच चढवलं आणि मग मशीन आपोआप बंद पडलं. तापल्यावर वीज तोडणारा कट-ऑफ आत आहे, हे पुस्तिकेत वाचलं होतं, पण तो खरंच काम करतो हे त्या दिवशी बघितलं. अर्ध्या तासानं पुन्हा सुरू झालं आणि दादांची ट्रॉली पंक्चरवाल्यापर्यंत गेली. सिलेंडरचं डोकं तेव्हा असं तापतं की चुकूनही बोट लावू नये. पिशवीत भरायच्या आधी थंड होऊ द्यायचं, नाहीतर पिशवी वितळते.

उन्हाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला नेलं. तिथं हवा विरळ, त्यामुळं कॉम्प्रेसरला ओढायलाच कमी मिळतं. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तेवढ्याच प्रमाणात मशीन मंदावतं. दोन मिनिटांचं काम तीन-साडेतीनवर गेलं. म्हणून डोंगरात वेळेचा हिशेब दीडपट-दुपटीनं धरा. बाहेरचा दाब घटला की गेजवर टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो, आणि थंडीनं दर दहा अंशांना दीडेक पीएसआय उतरतात. पहाटे दोन्ही एकमेकांना जवळपास खातात. त्यामुळं खाली नीट भरलेली हवा वर जाऊन उगाच कमी-जास्त करत बसू नये. दुपारच्या उन्हात तापलेल्या टायरची हवा मोजून सोडणारे तर हमखास फसतात. मोजायची ती सकाळी, गाडी हलायच्या आधी.

आता तक्रारी. पाइप मशीनला जोडतो तिथलं पितळी कपलिंग जैसलमेरनंतर हवा सोडायला लागलं. आतलं रबरी वायसर वाळूनं घासलं होतं. कंपनीच्या नंबरवर कळवलं, आठवडाभर नुसते मेसेज आले. शेवटी जालन्यात हायड्रॉलिकच्या दुकानात वीस रुपयांत वायसर मिळालं. आवाज कर्कश, मशीन चालू असताना बोलणं ऐकू येत नाही, म्हणून वॉकीटॉकीवाल्यानं लांब उभं राहायचं. पिशवीची चेन पहिल्याच महिन्यात गेली. वजन चांगलं आठ-नऊ किलो, आणि दौऱ्यात ते नीट बांधून ठेवलं नाही तर उतारावर मागच्या सीटवरच्याच्या पायावर येतं. व्हॉल्व्हला लावायचं तोंड आट्यांचं आहे. सावकाश लागतं, पण निसटत नाही. खटक्याचं तोंड असलेले मॉडेल मित्राकडं आहेत, ते झटपट लागतात आणि झटपट उडतातही.

मराठवाड्यातच घाट-माळ फिरणाऱ्या एकट्या जिम्नीवाल्याला हे मशीन जास्तीचं आहे. त्यानं चिमट्यांवर चालणारा, एका सिलेंडरचा घ्यावा, लायटरवाला नको. थार, गुरखा, स्कॉर्पिओवाल्यांनी किंवा ग्रुपचा म्हणून घेणाऱ्यांनी डबल सिलेंडरच घ्या. विकत घेताना खोक्यावरच्या कमाल दाबाचा आकडा बघू नका, 150 पीएसआय आपल्याला कधीच लागत नाही. एका दमात किती मिनिटं चालतं आणि किती विश्रांती लागते ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान गाठा. सोबत व्हॉल्व्हच्या चार पिना, वायसरचं पाकीट आणि एक जादा फ्यूज घेऊन ठेवा, सगळं मिळून शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.