एल साल्वादोर: टोळ्यांशी तह की आणीबाणी?

मध्य अमेरिकेतल्या या देशात १९९२च्या करारानं यादवी संपली, पण लॉस एंजेलिसहून हाकललेल्या पोरांच्या टोळ्यांनी देश पोखरला. २०१२मध्ये टोळ्यांशी तह झाला. म्होरक्यांना कडक तुरुंगातून साध्या तुरुंगात हलवलं आणि रोजचे चौदाएक खून निम्म्यावर आले. हप्ता मात्र चालूच. बसवाला असो की पुपुसा (सारण भरलेली मक्याची भाकरी) विकणारी बाई, सुटका नाही. तह मोडला, २०१५मध्ये खुनांनी कळस गाठला.

मार्च २०२२मध्ये एकाच दिवशी ६२ खून पडले नि राष्ट्राध्यक्ष बुकेलेंनी आणीबाणी लावली. हप्ता आटला, गल्ल्या मोकळ्या झाल्या. लोक खूश आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ८० हजारांवर माणसं आत गेली, कित्येक नुसत्या निनावी फोनवरून उचललेली. तह तकलादू होता, तरी धास्ती मला आणीबाणीचीच जास्त. तीस दिवसांसाठी म्हणून लावलेली, पुढे महिन्यामागून महिने वाढवतच नेली.