काटा अडकला एक, बिल आलं अख्ख्या मीटरचं

स्पीडोमीटरचा काटा अडकलाय आणि गॅरेजवाला डॅशबोर्डला हातही न लावता "अख्खं मीटर बदलावं लागेल" म्हणतोय, असं झालं तर किल्ली त्याच्या हातात देण्याआधी हे वाचा. माझ्याकडून नव्या मीटरचे (म्हणजे सगळे काटे आणि दिवे असलेल्या अख्ख्या पॅनेलचे) आणि त्याच्या 'प्रोग्रॅमिंग'चे पैसे घेतले गेले. गाडीत बसवलं ते जुनंच मीटर.

लक्षण साधं होतं. गाडी बंद केली तरी काटा चाळिसाच्या आसपास अडकून राहायचा. सुरू केल्यावर कधी हलायचा, कधी ढिम्म. पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा व्यवस्थित, आणि ओडोमीटरचे किलोमीटरही बरोबर पुढे सरकत होते. किलोमीटर मोजले जातायत म्हणजे वेगाचा सिग्नल मीटरपर्यंत पोचतोय. सेन्सर आणि वायरिंग बहुधा शाबूत, दुखणं काट्याच्या मागे. हे मी त्या इलेक्ट्रिशियनला बोलून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आतला बोर्ड जळालाय. हे रिपेअर होत नाही, असेंब्लीच येते."

आतला बोर्ड जळाला असता तर बाकीचे काटे आणि दिवे इतके शहाण्यासारखे वागले असते का, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. "बघतो" म्हणून गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी फोन आला, मीटर टाकून झालं. बिलावर छापील अक्षरांत 'नवीन मीटर असेंब्ली' आणि खाली प्रोग्रॅमिंगची वेगळी ओळ. जुनं मीटर मागितलं तर ते "भंगारात गेलं". त्याच दिवशी, इतक्या तातडीने. ओडोमीटरचा आकडा मात्र जिथे होता तिथेच. त्याचं स्पष्टीकरण तयार होतं: "जुना आकडा नव्यात भरला, तेच तर प्रोग्रॅमिंग." हे खरंही असू शकतं, आणि इथेच ही फसवणूक पचते. काटा हलतोय, आकडा जुळतोय, काचेमागे काय आहे ते कोण बघणार?

बिंग फुटलं ते दोन गोष्टींमुळे. पहिली, बंद गाडीत काटा शून्याच्या किंचित खाली झुकलेला दिसायचा. "नवीन आहे, सेट होईल," असं उत्तर मिळालं. (मीटरचा काटा ही काही नवी चप्पल नाही, वापरून वापरून सैल व्हायला.) दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना मोबाइलवरचा जीपीएस ६० दाखवत असे तेव्हा काटा ५२ वर. ९० ला गेलं की ८२ वर. फरक प्रत्येक वेळी तेवढाच. टायरचा आकार चुकीचा असेल तर वेग वाढतो तसा फरकही वाढतो. तो ठरावीक राहतो तेव्हा काटा दांड्यावर तिरका बसवलेला असतो.

शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, असा नियम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार कारचा काटा जास्त दाखवू शकतो, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकाच. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत चालेल, ७९ चालणार नाही. कारखान्यातून आलेलं मीटर ६० ला ५२ दाखवत असेल यावर माझा विश्वास बसला नाही.

थंडी पडली आणि काटा पुन्हा अडकला. या वेळी दुसऱ्या तंत्रज्ञाकडे गेलो. त्याने आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र, लावला. स्कॅनरवरचा वेग आणि जीपीएसचा वेग एकच. मग मला शेजारी उभं करून मीटर उघडलं. मागच्या स्टिकरवर कारखान्याची तारीख, गाडीच्या वयाशी जुळणारी. स्क्रूंच्या खाचांत वर्षांची धूळ. काट्याच्या मुळाशी डायलवर दोन समोरासमोर ओरखडे, म्हणजे काटा स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेला. आणि मोटरवर कसलातरी तेलकट स्प्रे मारलेला, तो डायलच्या मागच्या बाजूपर्यंत पसरलेला. बोर्ड ठणठणीत.

त्याने समजावलं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक काट्यामागे अंगठ्याएवढी स्टेपर मोटर असते. तिच्या गिअरमुळे काटा अगदी बारीक टप्प्यांत सरकतो. आपण नेमके कुठे आहोत हे मोटर मीटरला कळवत नाही. मीटर फक्त टप्पे मोजतं आणि गाडी सुरू-बंद होताना काटा मागे टेकवून शून्य शोधतं. गिअर झिजले की टप्पे निसटतात, काटा भलतीकडे थांबतो. काटा उपसून शून्याच्या अंदाजाने पुन्हा दाबला की तो हलायला लागतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि झिजलेली मोटर तशीच आत राहते. माझ्या बाबतीत इतकंच झालं होतं. खरा उपाय म्हणजे ती मोटर बदलणं: चार पिनांचं सोल्डर काढायचं, नवी बसवायची, मोटर शून्यावर नेऊन मगच काटा दाबायचा आणि स्कॅनरवरच्या वेगाशी जुळवून बघायचा. त्याने माझ्यासमोर हे सगळं केलं आणि जुनी मोटर माझ्या हातात दिली.

तुमचं मीटर कुणाकडे सोपवणार असाल तर काढल्याबरोबर त्याच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागा, बदललेल्या मीटरचाही. ओडोमीटरचा फोटो गाडी देतानाच काढून ठेवा. किल्ली फिरवल्यावर काही गाड्यांत सगळे काटे एकदा टोकापर्यंत जाऊन परत येतात. तुमच्या गाडीत तसं होत असेल आणि तेव्हा काटा नीट फिरत असेल, तर मोटर बहुधा चांगली आहे, दोष आधी सेन्सरकडे शोधा. आणि कुणी खरोखरच भंगारातल्या गाडीचं मीटर आणून बसवलं, तर ते आणखी वाईट. दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर तुमच्या नावावर लागतात, आणि ज्या गाड्यांत चोरीविरोधी यंत्रणेची माहिती मीटरमध्ये असते त्या कधी कधी सुरूच होत नाहीत.

फोटो घेऊन मी पहिल्या गॅरेजवर गेलो. आधी उत्तर आलं, "स्टिकर जुन्यावरचं काढून नव्यावर लावलं." मग स्क्रूंमधली धूळ आणि काट्याखालचे ओरखडे दाखवले तेव्हा, "पोराने काम केलं, मला माहीत नव्हतं." शेवटी तो पैसे द्यायला तयार झाला, पण एका अटीवर: मूळ बिल त्याला परत हवं. बिल माझ्याकडेच आहे. त्याला झेरॉक्स दिली आहे आणि तक्रारीला जोडायची प्रतही काढून ठेवली आहे.