१३ डॉलरच्या दाखल्यासाठी मी २३८ डॉलर कसे घालवले

अमेरिकेत लग्न नोंदवलेल्या, किंवा मुलाचं-मुलीचं लग्न तिथे लागणार आहे अशा सगळ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं काहीतरी गेलं, ते पुढे सांगतो.

आमचं लग्न ऑक्टोबर २०२१ मध्ये जॉर्जियात झालं, अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). मी सांगलीचा, बायको जॉर्जियातच जन्मलेली. करोनामुळे आई-बाबांना येता येईना, म्हणून आधी कोर्टात लग्न करून घ्यायचं आणि सांगलीतला समारंभ नंतर करायचा असं ठरलं. जॉर्जियात लग्नाचं लायसन्स काउंटीचं प्रोबेट कोर्ट देतं. मृत्युपत्रं, वारस, पालकत्व ही कामं बघणारं हे कोर्ट, तिथेच लग्नाची खिडकी. आम्ही दोघं ओळखपत्रं घेऊन गेलो, अर्ज भरला, शपथ घेतली, ५६ डॉलर भरले आणि लायसन्स घेतलं. त्याच दुपारी तिथल्याच न्यायाधीशबाईंनी लग्न लावलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण माझ्यासकट अनेकांचा घोळ इथेच होतो. लायसन्स म्हणजे लग्न करायची परवानगी. तो लग्नाचा दाखला नव्हे. लग्न लावणाऱ्याने, मग ते न्यायाधीश असोत, पाद्री असोत की आपले गुरुजी, त्या लायसन्सवर सही करून ते कोर्टाला परत पाठवायचं असतं. जॉर्जियात त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ते परत पोहोचलं की कोर्ट नोंद करतं, आणि त्या नोंदीची शिक्का मारलेली प्रमाणित प्रत म्हणजे आपला दाखला. देवळात किंवा हॉलमध्ये हातात मिळणारा सोनेरी वेलबुट्टीचा कागद ही फक्त आठवण असते. तो कुठल्याही कार्यालयात चालत नाही.

आमची प्रमाणित प्रत आली, तिच्यावर बायकोने सोशल सिक्युरिटीत (आधारसारखा ओळख क्रमांक देणारं अमेरिकेतलं खातं) आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर आडनाव बदललं. २०२२ मध्ये आम्ही डॅलसला बिऱ्हाड हलवलं आणि त्या सामानात ती प्रत कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही.

त्या प्रतीची गरज पडली जानेवारी २०२४ मध्ये. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया जूनमध्ये मिरजेला करायची ठरत होती आणि बायकोने आपणहून म्हटलं होतं की मी चार-पाच महिने येऊन राहते. त्यासाठी तिचं ओसीआय कार्ड हवं होतं, म्हणजे परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात येऊन राहू देणारं कार्ड. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय मिळतं, पण लग्न नोंदवून सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात. आमची ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाली होती. परदेशातल्या विवाह दाखल्यावर अपोस्टिल हवं, म्हणजे हेगच्या करारानुसार दिलेलं सरकारी प्रमाणपत्र. भारत त्या करारात २००५ पासून आहे.

एका रात्री, दोन मीटिंगांच्या मध्ये, मी फोनवर काउंटीचं नाव आणि 'मॅरेज सर्टिफिकेट कॉपी' एवढं टाकून शोधलं. पहिलंच उत्तर उघडलं. ती जाहिरात होती, पण फोनवर ते 'प्रायोजित' अक्षर किती बारीक असतं! साइटवर कोर्टाच्या इमारतीचा फोटो, गरुडाची मुद्रा, पत्त्यात काउंटीचं नाव. पत्ता डॉट कॉम होता. शंका आली नाही, कारण जॉर्जियात काही काउंटींच्या कोर्टांच्या खऱ्या साइटही डॉट कॉम आहेत. नुसतं सरकारी साइटचं डॉट गव्ह शोधा म्हणणारा सल्ला तिथे पुरा पडत नाही.

'प्रमाणित नोंद' ८९ डॉलर. 'इंडिया अपोस्टिल पॅकेज' १४९ डॉलर. एकूण २३८. मला ते फार वाटलंसुद्धा नाही, आणि ते का वाटलं नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपण दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टेबलांवर वाढलेली माणसं. तिथे फी वेगळी आणि 'काम करून देण्याचे' वेगळे. माझ्या चुलत भावाच्या लग्नाची नोंदणी झाली तेव्हा अर्जाच्या नमुन्यापासून साक्षीदारांच्या रांगेपर्यंत सगळं एजंटानेच केलं होतं. त्यामुळे मध्ये कुणीतरी असणारच, त्याचे पैसे असणारच, हे मनाने आधीच धरलेलं असतं. अमेरिकेतल्या काउंटी कोर्टात ते गृहीत धरायचं कारणच नाही. पण सवय आपल्याबरोबर विमानातून येते.

फॉर्म लांबलचक होता. दोघांची नावं, लग्नाची तारीख, इथवर ठीक. मग दोघांच्या जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर, ड्रायव्हिंग लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो, आणि दोघांच्या आईचं माहेरचं आडनाव. मी सगळं भरलं. बायको झोपली होती. तिची माहिती मी तिला न विचारता भरली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

तीन आठवड्यांनी जाड पाकीट आलं. आत एक सुबक कागद, 'मॅरेज रेकॉर्ड' असा मथळा, खाली आमची नावं, तारीख, काउंटी. त्याला नोटरीचं निवेदन टाचलेलं, आणि वर अपोस्टिल. सोनेरी शिक्का, क्रमांक, सही. मी समाधानाने अर्जाला जोडून पाठवून दिला.

एप्रिलमध्ये अर्ज त्रुटी लावून परत आला. विवाह दाखला मूळ नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचा नाही, अपोस्टिल दाखल्यावर नाही. मला वाटलं, काहीतरी कारकुनी गोंधळ आहे. मग मी पहिल्यांदा तो कागद नीट वाचला.

अपोस्टिलवर दहा क्रमांकांच्या ओळी असतात. दुसऱ्या ओळीत सही कुणाची, तिसऱ्या ओळीत ती सही करणाऱ्याचा हुद्दा. माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं 'नोटरी पब्लिक'. तेही जॉर्जियाचा नव्हे, भलत्याच राज्याचा. म्हणजे अपोस्टिल खोटं नव्हतं, ते खरंच होतं. पण अपोस्टिल कागदातला मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. सही त्या माणसाची आहे आणि तो त्या हुद्द्यावर आहे, एवढंच सांगतं. त्या लोकांनी काय केलं होतं? आम्हीच फॉर्ममध्ये भरलेली माहिती एका देखण्या कागदावर छापली, कुणीतरी नोटरीसमोर 'ही प्रत खरी आहे' असं लिहून दिलं, आणि नोटरीच्या सहीला रीतसर अपोस्टिल घेतलं. आमच्या लग्नाच्या नोंदीला कुणी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटीच्या कोर्टात थेट फोन केला. नंबर लग्नाच्या वेळच्या जुन्या पावतीवर होता. खिडकीवरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "असे फोन आम्हाला येतात. प्रत १० डॉलरला मिळते. नावं आणि तारीख सांगा." मी विचारलं, सोशल सिक्युरिटी नंबर? त्या म्हणाल्या, "प्रतीसाठी तो कशाला लागेल?" टपालानेही चालतं: अर्ज, ओळखपत्राची प्रत, मनी ऑर्डर आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट. मला टपालाची वाट बघवेना. अटलांटातला माझा जुना रूममेट दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कोर्टात गेला आणि दोन प्रती घेऊन बाहेर पडला. अपोस्टिल तो त्याच दिवशी घेऊन आला. बहुतेक राज्यांत अपोस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय देतं, जॉर्जियात मात्र ते काम सुपीरियर कोर्टांच्या क्लार्कांचं जे सहकारी प्राधिकरण आहे त्याच्याकडे आहे. फी तेव्हा प्रत्येकी ३ डॉलर होती. म्हणजे एका कागदाचे १३ डॉलर. आणि या वेळी तिसऱ्या ओळीत प्रोबेट कोर्टाचा हुद्दा होता. शिक्क्यावरून बोट फिरवलं तर उठाव लागत होता.

डॅलसला राहतो म्हणून टेक्सासचं अपोस्टिल चालेल, हाही गैरसमज काढून टाका. कागद ज्या राज्याचा, अपोस्टिल त्याच राज्याचं.

तोवर आणखी एक भानगड दिसली. कार्डाच्या बिलात फेब्रुवारीपासून दर महिन्याला २९.९५ डॉलर जात होते, 'रेकॉर्ड्स मेंबरशिप' नावाने. तीन महिन्यांचे ८९.८५. साइटच्या अटींमध्ये अगदी तळाशी, करड्या अक्षरांत दोन वाक्यं होती: आमचा कुठल्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही, आणि मागणीबरोबर सभासदत्व सुरू होतं. 'अटी मान्य' या चौकोनात मी खूण केली होती. बँकेने सभासदत्वाचे पैसे परत दिले. २३८ डॉलर दिले नाहीत. एक तर ग्राहकाला कागद पोहोचला आहे असं साइटने दाखवलं, आणि दुसरं म्हणजे बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करायची कायद्याची मुदत त्या पहिल्या रकमेसाठी उलटून गेली होती. परत आलेला अर्ज एप्रिलमध्ये हातात पडेपर्यंत मला फसवलं गेल्याचा पत्ताच नव्हता. तुमच्या बाबतीत असं काही घडलं तर बिल आलं त्याच आठवड्यात बँकेला लिहा, कागदाची वाट बघू नका.

फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि जॉर्जियाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली. पण खरी धावपळ माहितीसाठी होती. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तीन कंपन्यांकडे दोघांचं क्रेडिट गोठवलं, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये. २०१८ पासून हे अमेरिकेत सगळ्यांना मोफत आहे, प्रत्येकाकडे स्वतंत्र करावं लागतं. आयकर खात्याकडून ओळख-संरक्षणाचा पिन घेतला, म्हणजे आमच्या नंबरावर दुसरा कुणी रिटर्न भरू शकणार नाही. बँकेतले आईच्या माहेरच्या आडनावाचे सुरक्षाप्रश्न बदलले. हे सगळं करत असताना बायको माझ्यावर एकदाही चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "आईचं नावसुद्धा दिलंस?"

बाकी राज्यांतल्या मराठी मंडळींसाठी मला पक्कं माहीत आहे तेवढं सांगतो, कारण प्रत्येक राज्यात दार वेगळं आहे आणि दार माहीत नसलं की असली फसवी साइट गाठते. ओहायोतही प्रोबेट कोर्टच लायसन्स देतं. टेक्सासमध्ये काउंटी क्लार्क. तिथलं राज्याचं कार्यालय १९६६ पासूनच्या लग्नांचं फक्त पडताळणी पत्र देतं, ते प्रमाणित प्रत नसतं. प्रत काउंटी क्लार्ककडेच मागायची. कॅलिफोर्नियात लायसन्सचे दोन प्रकार आहेत, सार्वजनिक आणि गोपनीय. गोपनीय असेल तर प्रत काउंटी क्लार्क देतो आणि तीही फक्त नवरा-बायकोला. सार्वजनिक असेल तरी शपथेवर अर्ज न केल्यास 'माहितीपुरती' असा शिक्का मारलेली प्रत हाती पडू शकते, आणि ती ओळखीच्या कामाला चालत नाही. एडिसन, जर्सी सिटीकडच्या लोकांनी काउंटीकडे जाऊच नये. न्यू जर्सीत लग्नाचं काम नगरपालिकेच्या स्थानिक रजिस्ट्रारकडे असतं. जॉर्जियात तर १५९ काउंटी आहेत आणि नोंद त्याच एका कोर्टात सापडते जिथून लायसन्स घेतलं होतं. शेजारच्या काउंटीतही नाही. राज्याच्या कार्यालयाकडे जून १९५२ ते ऑगस्ट १९९६ मधलीच लग्नं आहेत. त्यामुळे आमच्यासारख्यांना दुसरं दार नाहीच. लग्नाच्या वेळची पावती जपून ठेवा. तिच्यावरचा फोन नंबर कुणी जाहिरात देऊन बदलू शकत नाही. आणि त्याच दिवशी तीन-चार प्रमाणित प्रती घेऊन ठेवा.

दुसरा अर्ज मे महिन्यात गेला. जूनपर्यंत ओसीआय येणं शक्यच नव्हतं. बायको ई-व्हिसावर आली, पाच आठवडे राहिली. आईला वॉकर धरून अंगणापर्यंत नेण्याइतके दिवस मिळाले, मग तिची रजा संपली. आईने तिच्यासाठी वरच्या खोलीत कपाट रिकामं करून ठेवलं होतं. कार्ड नोव्हेंबरमध्ये आलं.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक पत्र आलं. ओक्लाहोमातल्या एका पत्त्यावरून कुणीतरी बायकोच्या नावाने एका दुकानाच्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला होता. जन्मतारीख बरोबर, नंबर बरोबर. क्रेडिट गोठवलेलं असल्यामुळे अर्ज फेटाळला गेला. आम्ही त्या गावात कधी गेलोही नाही. हे पत्र मी लग्नाच्या दाखल्याच्या फाईलमध्ये, दुसऱ्या प्रमाणित प्रतीच्या मागे लावून ठेवलं आहे. तिन्ही ठिकाणचं क्रेडिट आजही गोठवलेलंच आहे.