पहिला जॅझ अल्बम कुठला घ्यायचा: काइंड ऑफ ब्लू की टाइम आउट?

जॅझ ऐकायला सुरुवात करायचीये, एकच रेकॉर्ड घ्यायचीये, कुठली घेऊ, असं कोणी विचारलं की शेवटी गाडी याच दोन नावांवर येऊन थांबते. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' आणि पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या क्वार्टेटचा, म्हणजे चौघांच्या संचाचा, 'टाइम आउट'. दोन्ही 1959 चे, दोन्ही न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या त्याच 30व्या स्ट्रीटवरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेले, जो पूर्वी चर्च होता. आवाजातली ती मोकळी जागा दोन्हीकडे ऐकू येते, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या दर्जावरून निवड करायचं काही कारण नाही. एलपीचे आजचे भाव बघता दोन्ही एकदम घ्या असं सांगणं सोपंय पण ते उत्तर नाही, म्हणून माझ्यापुरतं काय ठरलं ते सांगतो.

मी हे ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांचे कान आपल्यासारखेच असणार हे धरून चाललोय. म्हणजे घरात हार्मोनियम आहे, कधीतरी तबल्याच्या क्लासला गेलोय, कालिदास नाट्यगृहात चांगला कार्यक्रम असला की जातो, सम चुकली की लगेच कळतं. असा माणूस 'टाइम आउट'कडे आधी ओढला जाणार, मीही गेलो. कारण तो अल्बमच मुळी तालांवर आहे. 1958 ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्रूबेकच्या चौघांना दौऱ्यावर पाठवलं, त्यात तुर्कस्तान होतं, भारतही होता, आणि इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून ऐकलेला 9 चा ठेका ब्रूबेकने घरी नेला. त्यातून 'ब्लू रोंदो आ ला तुर्क' आलं. 2-2-2-3 अशी तीन आवर्तनं आणि चौथं 3-3-3, हातावर टाळी धरून ऐकलं तर पहिल्यांदा हमखास हात चुकतो आणि मग जाम मजा येते.

'टेक फाइव्ह' तर सगळ्यांना माहितीये. क्वार्टेटमधल्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडची रचना, 5 मात्रा, पण 3-2 अशी, आणि आपला झपताल 2-3 चा असल्यामुळे तबल्याचा कान सुरुवातीला अडखळतो. जो मोरेलो ड्रमवर सोलो वाजवतो तेव्हा ब्रूबेक पियानोवर तोच छोटा तुकडा धरून बसतो, अजिबात हलत नाही, अगदी तबला सोलोला लेहरा, म्हणजे तीच तीच फिरणारी धून, धरावा तसा. मोरेलो तिथे किती जागा रिकामी सोडतो ते ऐका. मला वाटतं आपल्याकडच्या कुठल्याही माणसाला जॅझ आपलं वाटायला लावायचं असेल तर याच्याइतकी सोपी गोष्ट नाही.

आणि गाडीत टाइम आउटच. कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकलेलो असताना 'काइंड ऑफ ब्लू' लावून काही उपयोग नाही, 'सो व्हॉट'चं पहिलं अर्धं मिनिट, बिल एव्हान्सचा पियानो आणि पॉल चेंबर्सचा बास इतक्या हळू बोलत असतात की रस्त्याच्या आवाजात ते गेलंच. घरी पाहुणे आले तरी 'टेक फाइव्ह'ला सगळे मान डोलावतात. हे सगळं मान्य.

पण एक गोष्ट मला खटकायला लागली आणि मग ती डोक्यातून जाईचना. 'ब्लू रोंदो'मध्ये तो 9 चा ठेका इतका रंगतो, वाटतं आता या 9 मध्ये काय काय करतील, आणि सोलो सुरू झाला की सरळ 4 चा ब्लूज, म्हणजे जॅझवाल्यांचा नेहमीचा साचा! आधी दोन आवर्तनं 4 ची, दोन 9 ची असं थोडं इकडेतिकडे होतं आणि मग डेझमंड निवांत चारमध्ये वाजवायला लागतो, मागून पियानोही चारमध्येच. 9 परत येतो तो शेवटी. आपल्याकडे कोणी रूपकमध्ये बंदिश मांडून ताना त्रितालात घेतल्या तर? सोलो वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, डेझमंडचा सूर म्हणजे लोण्यासारखा, पण जिथे खरी परीक्षा होती तिथूनच वाट बदलली असं मला दर वेळी वाटतं. 'टेक फाइव्ह'मध्ये असं होत नाही हे खरंय, पण अल्बम घेताना अख्खा घेतो ना आपण. ज्याला मात्रा मोजायची सवय नाही त्याला कदाचित हे जाणवणारही नाही, त्याने माझं ऐकू नये.

'काइंड ऑफ ब्लू'मध्ये उलटं आहे. ताल साधे, बहुतेक चारच, पण जे मांडलंय त्यातच शेवटपर्यंत राहतात. हार्मोनियम काढा आणि 'सो व्हॉट'ला पांढरी दोनचा सा धरून काफी थाट वाजवा. 16 बार (एक बार म्हणजे इथे 4 मात्रा) तेच, मग 8 बार सा काळी दोनवर सरकतो, मग परत 8 बार पांढरी दोन. बस, एवढंच सामान आहे! त्या एवढ्याशा जागेत आधी माइल्स येतो, त्याच्या पहिल्या सुरांवर ड्रमवाल्या जिमी कॉबची झांज जी वाजते ती कितीतरी वेळ हवेत राहते, आणि तो मोजके सूर लावून गप्प बसतो. मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन तोच काफी घेऊन नुसता प्रश्न विचारत सुटतो, आणि त्याच्या मागून दुसरा सॅक्सोफोनवाला कॅननबॉल अ‍ॅडर्ली हसत हसत येतो. एकच राग तीन गायकांकडून एका बैठकीत ऐकायला मिळाला तर काय वाटेल, तसं मला वाटतं. 'फ्लॅमेंको स्केचेस'मध्ये तर पाच स्केल, म्हणजे थाटासारखे सुरांचे पाच संच, दिलेत आणि प्रत्येकावर किती वेळ थांबायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं, म्हणजे आलापीच की.

टाइम आउट मला पहिल्या आठवड्यात पाठ झाला. काइंड ऑफ ब्लूमध्ये अजून काहीतरी सापडतं, परवा 'ब्लू इन ग्रीन' लावलं तर त्यात नुसता बासच ऐकत बसलो.

फक्त 'काइंड ऑफ ब्लू' घेताना एक बघा. 2 मार्च 1959 ला रेकॉर्डिंगचं एक मशिन किंचित हळू चालत होतं, ते नेहमीच्या वेगाने लावलं की सूर वर सरकतात, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी जुन्या रेकॉर्डवर थोडी चढी वाजतात. मित्राकडच्या जुन्या कॉपीबरोबर माझी हार्मोनियम जुळतच नव्हती, दुसऱ्या बाजूला मात्र बरोबर. 1990 च्या दशकात हे दुरुस्त करून परत काढलंय, तेव्हा सेकंडहँड मिळतेय म्हणून जुनी उचलू नका, 1997 नंतरची आवृत्ती आहे का ते विचारून घ्या. आणि नवीन काही हवंच असेल तर त्यानंतर जॅझ सॅक्सोफोन वाजवणाऱ्या रुद्रेश महंथप्पाचा 2008 चा 'किन्समेन' ऐका, त्यात कर्नाटक संगीतवाले कद्री गोपालनाथही सॅक्सोफोनवर आहेत, तिथे ताल मोजायची हौस पुरेपूर फिटते.