पुढून आवाज येतोय: आधी काय बदलायचं?

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, पुढच्या चाकांकडून खडखड सुरू झाली आणि गॅरेजवाला म्हणाला, "पुढचं सगळंच गेलंय, एकदम करून टाकू." बेळगावात उद्यमबागला जा, नाहीतर निपाणीत हायवेच्या कडेला, हे वाक्य कुठेतरी ऐकायला मिळतंच. कधी ते खरं असतं, कधी नसतं. पैसे कुठे घालायचे हे ठरवताना आवाज किती मोठा आहे, यावर जाऊ नका. सगळ्यात जास्त बोंबलणारा पार्ट बहुतेक वेळा स्वस्तातला आणि निरुपद्रवी निघतो. चाक मोडून पाडणारा पार्ट मात्र बराच काळ गप्प असतो.

बोंबलणारा म्हणजे लिंक रॉड, अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन चाकांमध्ये बसवलेल्या दांड्याला) चाकाशी जोडणारी छोटी दांडी. गल्लीतल्या लहान खड्ड्यांवरून हळू जाताना डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत असलेल्या स्पीडब्रेकरवरून सरळ जा. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली की हा आवाज जवळजवळ बंद होतो, एकच चाक खड्ड्यात गेलं की पुन्हा येतो. अँटी-रोल बार पिळला जातो तो चाकं वेगवेगळी वरखाली झाल्यावरच, म्हणून असं होतं. खात्री करायची तर दोन्ही लिंक रॉड सोडा, बार कुठे घासणार नाही असा बांधा आणि गल्लीत हळू एक फेरी मारा. मारुती ८०० असेल तर मात्र हा प्रयोग नको. तिथे वेगळे लिंक रॉड नसतात. बारची टोकं थेट लोअर आर्ममध्ये (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हातात) बसतात आणि चाकाला पुढेमागे न सरकू देण्याचं कामही तोच बार करतो.

आता गप्प बसणारा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा. आवाज म्हणाल तर वळताना खड्डा आला की एखादा 'टक', कधी नुसती करकर. त्यावरचा रबरी बूट (आवरण) फाटून आत चिखल गेला की ग्रीस संपतं, मग जॉइंट झिजतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस आणि लाल चिखल धरला तर आपल्याकडे बूट वेळोवेळी बघायलाच हवा. जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं, आणि ते चोर्ल्याच्या घाटातल्या वळणावर झालं तर पुढचं सांगायला नको. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात त्या) बॉडीखाली जॅक आणि आधार लावून चाक मोकळं लटकवा, टायरखाली पहार घालून वर उचला आणि जॉइंटवर नजर ठेवा. लोअर आर्मवर टॉर्शन बार (पिळाची स्प्रिंग) असलेल्या गाडीत जॅक लोअर आर्मखाली लावावा लागतो, कारण वजन त्या आर्मवर असतं. चुकीच्या जागी जॅक लावला तर झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो.

टाय रॉड एंड (स्टेअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीचं टोक) धोक्यात बॉल जॉइंटच्याच जोडीचा. चाक उचलून डावी-उजवीकडून धरून हलवा. फक्त याच दिशेने ढिलं वाटलं तर टाय रॉड किंवा रॅक (स्टेअरिंगने सरकणारा दात्यांचा दांडा), वर-खालून धरूनही तेवढंच हललं तर व्हील बेअरिंगवर संशय. मग कुणालातरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ढिलेपणा गेला तर बेअरिंगच. रॅक झिजला असेल तर खराब रस्त्यावर ठोका थेट हातात जाणवतो. रॅक लगेच बदलायची घाई नको, आधी टाय रॉड तपासून घ्या. आणि कोणी "रॅक टाइट करून देतो" म्हणालं तर जपून. जास्त आवळला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही.

उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्ण' करत असेल तर स्ट्रटचं वरचं बेअरिंग. पूर्ण वळवून रेस दिल्यावर टक-टक-टक येत असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणारा सांधा. खराब रस्त्यावरची खडखड ब्रेकवर हलका पाय ठेवल्यावर थांबली तर सस्पेन्शनला हातच लावू नका, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाच्या) पिना बघा.

पावसात तपासणी करणार असाल तर एक लक्षात ठेवा: ओल्या रबराची करकर बंद होते. जुलैत गाडी शांत झाली म्हणजे बरी झाली असं नाही.

आता पैशाचं. आर्मचा नुसता बुश (सांध्यातलं रबर) गेला आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर बुश प्रेस करून घेतलेला परवडतो. दोन्ही गेले असतील तर पूर्ण आर्मच घ्या, मजुरी एकदाच लागते. बॉल जॉइंट आणि टाय रॉडला कंपनीचा किंवा नावाजलेल्या ब्रँडचाच पार्ट घाला. काटकसर करायचीच असेल तर लिंक रॉडवर करा, फार तर पुन्हा वाजेल. "सगळंच करून टाकू" हे मला पटतं ते एकाच स्थितीत: दोन्ही बाजूंची रबरं तडकलेली दिसतात आणि गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची आहे. विकायची असेल तर जे हाताला ढिलं लागलं तेवढंच.

बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून शेवटचे आवळायला सांगा. चाक लटकत असताना आवळले तर नवा बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. घाईच्या गॅरेजमध्ये हे हमखास टाळलं जातं, म्हणून समोर उभं राहा. टाय रॉड किंवा आर्म बदलला असेल तर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) हवीच. नुसता लिंक रॉड बदलून बिलात अलाइनमेंट दिसली तर कशाला लावली, ते विचारा.