बालगृह की बालसंगोपन?

पतीच्या निधनानंतर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आईला मुलांचा खर्च झेपेनासा झाला, की महाराष्ट्रात तिच्यापुढे दोन वाटा असतात. बालगृहात जेवण, निवारा आणि शाळेची सोय होते. पण मुलगे-मुली वेगळ्या संस्थांत गेल्याने भावंडांची ताटातूट होऊ शकते. बालसंगोपन योजनेत मूल घरीच राहते आणि बाल कल्याण समितीच्या आदेशानंतर दरमहा २२५० रुपये मिळतात. ही रक्कम तुटपुंजी आहे, शिवाय दाखले गोळा करताना आईची मजुरी बुडते, हेही खरे. तरीही केवळ गरिबीपायी मूल आईपासून दुरावणे मला अन्यायकारक वाटते; २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा अखेरचा उपाय मानला आहे. घरातच मारहाण होत असेल आणि विश्वासाचा नातेवाईक नसेल, तर मात्र बालगृहच हवे.