ममीपटांचा संच: काही महिने पाहून झाल्यावर

चकती अडकली ती नेमकी ममी झालेल्या बोरिस कार्लॉफचे डोळे उघडतात तिथे. 'द ममी' (1932) नुकताच सुरू झाला होता. येताना चकती खोक्यात निसटून घासली गेली होती, आणि दुकानाचं एकच पालुपद: परत करायची मुदत संपली. सहा चित्रपटांचा संच, त्यातलं मला सगळ्यात हवं असलेलं दृश्यच बघता येत नाही, आणि प्रत्येक मेलला तेच छापील उत्तर! बदलून मिळेपर्यंत बरंच भांडावं लागलं. तोवर बाकीचे पाच पाहिले, हॅमर या ब्रिटिश कंपनीचा 1959 चा 'द ममी' वेगळा मागवला. म्हणून सगळ्यांबद्दल एकत्रच लिहितेय.

कथा तुम्हाला माहीतच आहे: हजारो वर्षांपूर्वीची इजिप्शियन ममी जिवंत होते. माझ्यासाठी ममीपट डोळ्यांवर ठरतो. पट्ट्या गुंडाळल्यावर नटाकडे दुसरं उरतंच काय?

रंगभूषाकार जॅक पिअर्सनी कार्लॉफला रंगवायला आठ तास घेतले आणि पट्ट्यांमधला इम्होटेप (ही कार्लॉफची ममी) पडद्यावर जेमतेम काही मिनिटं दिसतो, अशी तक्रार नेहमी होते. मला ती पटत नाही. पापणी किंचित उघडते. छातीवरचा हात सुटतो. मग टेबलावर येणारा हात, दारातून घसटत जाणारी पट्टी आणि हे पाहणाऱ्या तरुण संशोधकाचं वेड्यासारखं हसणं. ममी चालताना दाखवलेलीच नाही! दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मूळचा कॅमेरामन, काय दाखवायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

'द ममीज हँड' (1940) बघताना मात्र चीड आली. पूर्वकथेसाठी 1932 चीच दृश्यं, मध्ये इथली ममी झालेल्या टॉम टायलरचा चेहरा जोडलेला. पुढे 'द ममीज टूम' (1942) सुरू होतो तोच 'हँड'च्या तुकड्यांनी. म्हणजे एकाच फिल्मचे मी किती वेळा पैसे मोजायचे? टायलरचे डोळे क्लोजअपमध्ये एकेका फ्रेमवर काळे केलेत. चेहऱ्यात नुसते दोन खड्डे, आणि ते खरंच अंगावर येतात. पण लांबच्या शॉटमध्ये डोळे पुन्हा दिसायला लागतात आणि सगळी भीती जाते. 'टूम'पासूनच्या तिन्हींत ममी झालाय लॉन चेनी ज्युनियर. एक डोळा मिटलेला, पाय ओढत चालतो, तरी धडधाकट माणसं त्याच्या हाती कशी लागतात?

इतकी वर्षं माझ्या यादीत कार्लॉफ पहिला होता. आता हॅमरच्या 'द ममी'तला ख्रिस्तोफर ली वर गेलाय. कार्लॉफच्या पट्ट्या पुढे जातात, फेज टोपी मिळते, संवाद मिळतात. लीच्या ममीची, खारिसची, जीभच कापलेली आहे. पूर्वकथा सोडली तर त्याला एक शब्द नाही. खिडकी फोडून आत येतो, नायक झालेला पीटर कुशिंग भाला आरपार घालतो तरी थांबत नाही. आणि नायकाची बायको इझोबेल, खारिसच्या जुन्या प्रेयसीसारखीच दिसणारी, केस मोकळे सोडून समोर येते तेव्हा तो जागच्या जागी थबकतो. ओळख, दुःख, आज्ञा पाळायची सवय, सगळं त्या दोन डोळ्यांत दिसतं. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि त्याच रात्री यादी बदलली.

चेनीचे तिन्ही विकून टाकायचे असं ठरवलं होतं. पण 'द ममीज कर्स' (1944) मध्ये व्हर्जिनिया क्रिस्टीनची अनांका, म्हणजे ममी झालेली इजिप्तची राजकन्या, दलदलीतून उठते. भर उन्हात, अंगभर वाळलेला चिखल, डोळ्यांवरही चिखल. आंधळ्यासारखी चाचपडत, अवघडलेल्या हातापायांनी ती उन्हाच्या दिशेने निघते. बाकी चित्रपट सामान्य आहे, पण हे दृश्य कार्लॉफच्या पहिल्या दृश्याच्या तोडीचं आहे, त्यामुळे ही चकती घरातच राहणार.

हात आखडता असेल तर 1932 आणि 1959 चे दोनच सुटे घ्या. पूर्ण संच घेतलात तर आल्या दिवशीच प्रत्येक चकती उजेडात धरून बघा आणि सुरुवातीची वीस मिनिटं लावून पाहा. परतीची मुदत फार लहान असते.